काटा इथं आहे, तर नोंदही इथूनच गेली पाहिजे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १०चा आधार, म्हणजे कंपनीकडून मिळणाऱ्या मोफत दुरुस्त्या, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून जुन्या संगणकांचं काय करायचं यावर आपल्या दैनिकात बरंच छापून आलं. ‘भंगारात देऊ नका, लिनक्स टाका’ हा सल्ला त्यात दोन-तीनदा वाचला. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी संगणक चालवणारी मोफत प्रणाली. सल्ला खरा आहे. मी गेली सहा-सात वर्षं चोपडा, यावल आणि शिरपूर तालुक्यांतल्या वजनकाट्यांवरच्या संगणकांत लिनक्सच टाकतो. पण लिनक्स टाकणं हे अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर संगणकाला मागून जे जे जोडायचं असतं, म्हणजे काट्याची केबल, पावतीचा प्रिंटर, अंगठ्याचं यंत्र, ते चालतं की नाही यावर सगळं ठरतं. एक यूएसबी यंत्र चाललं नाही की गिऱ्हाईक सरळ म्हणतो, ‘काढून टाका ते लिनक्स.’ यावर कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी परवानाधारक काटा दुरुस्तीकार आहे. वडील लोखंडी तराजू आणि मापं दुरुस्त करायचे, मी इलेक्ट्रॉनिक काटे करतो. केळीच्या गाड्या मोजायचे मोठे काटे, जिनिंगमधले काटे, आडतीवरचे प्लॅटफॉर्म काटे. दरवर्षी वैधमापन खात्याकडून काटा पास करून घ्यायचा, लोड सेल, म्हणजे काट्याखालचा वजन जाणणारा भाग, गेला तर बदलायचा, उंदरानं तार कुरतडली तर जोडायची, हे माझं रोजचं काम. संगणकाकडे मी नाइलाजानं वळलो, कारण आता पावती संगणकावरून निघते आणि पावती अडली की लोक काटेवाल्यालाच बोलावतात.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्चमधली गोष्ट. अडावदच्या रस्त्यावर ज्यांचा काटा आहे त्या अप्पांचा दुपारी फोन आला. ‘काटा चालू शे, पन काम्पुटरवर वजन येत नही.’ पोचलो तेव्हा चार गाड्या रांगेत होत्या. केळीचे घड भरलेले, वरून केळीचीच पानं झाकलेली, ऊन डोक्यावर. इंडिकेटरवर लाल आकडा स्वच्छ दिसत होता, सोळा टनांच्या आसपास. संगणकाच्या पडद्यावर शून्य. अप्पांचा मुलगा हातानं पावत्या लिहीत होता आणि प्रत्येक पावतीला शेतकरी आणि व्यापारी दोघं जण खिडकीत वाकून इंडिकेटरचा आकडा वहीशी ताडून बघत होते. छापील पावतीची सवय झालेल्या माणसाला हातची पावती दिली की मनात शंका येतेच. वजनाच्या धंद्यात शंका ही सगळ्यात वाईट गोष्ट.

काट्याचा इंडिकेटर फार जुनी भाषा बोलतो, आरएस-२३२. तो ९६०० किंवा २४०० बॉड वेगानं वजनाचा आकडा तारेवर सारखा सोडत राहतो. कुणी ऐको न ऐको, तो बोलत असतो. पूर्वी संगणकाला मागे नऊ पिनांचा पोर्ट असायचा, तार थेट त्यात जायची. आता तो पोर्ट येत नाही, म्हणून मधे यूएसबीची केबल लावावी लागते. तिच्या टोपणाच्या आत नखाएवढी एक चिप असते. ती इंडिकेटरचं बोलणं ऐकून संगणकाला यूएसबीच्या भाषेत सांगते. सोळा टन केळीचा व्यवहार त्या नखाएवढ्या चिपवरून जातो.

मी केबल बदलली. पिशवीतल्या आणखी दोन लावून पाहिल्या. तिन्ही निळ्या, तिन्हींवर कुणाचं नाव नाही, अडीचशे रुपयांच्या आतबाहेरच्या. तिन्हींचं एकच. जोडली की क्षणभर पोर्ट दिसायचा आणि लगेच नाहीसा व्हायचा. तो संगणक मी आदल्याच आठवड्यात उबुंटू या लिनक्सच्या एका प्रकाराच्या २२.०४ आवृत्तीवर नेला होता. त्याआधी तीच केबल चार वर्षं बिनतक्रार चालली होती. म्हणजे बोट माझ्याकडेच येत होतं. अप्पा काही बोलले नाहीत, पण पाण्याचा ग्लास पुढे करताना त्यांनी घड्याळाकडे पाहिलं ते मला दिसलं.

लिनक्समध्ये डीमेसेज म्हणून एक आज्ञा आहे. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जे जे घडतं ते ओळीओळीनं लिहून ठेवतो, आणि ही आज्ञा दिली की ती वही उघडते. मी केबल काढून पुन्हा लावली आणि वही उघडली. शेवटच्या तीन ओळी अशा होत्या. पहिलीत सीएच३४१ जातीची चिप जोडली गेली, तिला टीटीवाययूएसबी० हे नाव मिळालं. दुसरीत लिहिलं होतं की बीआरएलटीटीवाय नावाचा एक प्रोग्राम याच जोडणीवर आपला हक्क सांगतो आहे. तिसरीत, जोडणी तुटली. दोन-तीन सेकंदांत तिन्ही ओळी.

हे बीआरएलटीटीवाय काय आहे ते मला माहीत नव्हतं. मोबाइलवर शोधलं तर कळलं की दृष्टिहीन लोक बोटांनी वाचतात त्या ब्रेल पट्टीसाठीचा हा प्रोग्राम आहे. ब्रेल पट्टी संगणकाला जोडली की तो आपोआप जागा होतो आणि पडद्यावरचा मजकूर उठावाच्या टिंबांत उमटवतो. माझ्या काट्याच्या केबलला तो ब्रेल पट्टी समजत होता.

असं का झालं ते इथं जरा सविस्तर सांगतो, कारण यूएसबीची निम्मी दुखणी याच जागी आहेत. आपल्याकडे दारात अनोळखी माणूस आला की आधी विचारतात, ‘कोन गावना, भाऊ?’ मग कुणाचा, मग काय काम. यूएसबीतही तसंच आहे. यंत्र जोडलं की संगणक त्याला आधी ओळख विचारतो आणि यंत्र अठरा बाइटांचा एक छोटा परिचय देतं. त्यात दोन आकडे महत्त्वाचे. एक बनवणाऱ्या कंपनीचा, दुसरा त्या वस्तूचा. माझ्या निळ्या केबलीचे आकडे होते १ए८६ आणि ७५२३. हे आकडे केबल बनवणाऱ्याचे नाहीत, आतल्या चिपचे आहेत. चिप विकत घेऊन ज्यानं केबल बनवली त्यानं चिपचाच आकडा तसाच ठेवला. ब्रेल वाचनयंत्र बनवणाऱ्या एकानं तीच चिप घेतली, त्यानंही तोच आकडा ठेवला. एकाच गावच्या एकाच आडनावाची दोन माणसं दारात उभी राहिली तर घरातली म्हातारी ज्याला ओळखते त्यालाच आत घेणार. ब्रेलच्या प्रोग्रामकडे त्या आकड्यापुढे ब्रेल यंत्र लिहिलेलं होतं, म्हणून त्यानं माझी केबल धरली.

आता मुद्द्याची गोष्ट. हे कोडं मी सोडवलं नाही. माझ्याआधी कुणी तरी याच आकड्याची, याच तीन ओळींची नोंद इंटरनेटवर करून ठेवली होती. त्याच्याकडे काटा नव्हता. तो छोट्या सर्किट बोर्डावर काही तरी शिकत होता आणि त्याचा बोर्ड असाच नाहीसा होत होता. त्यानं आपली केबल, आपली आवृत्ती, वहीतल्या ओळी जशाच्या तशा उतरवून ठेवल्या. कुठल्या देशातला माणूस, मला ठाऊक नाही. पण त्याच्या त्या चार ओळींमुळे अडावदच्या रस्त्यावरच्या चार गाड्या अंधार पडायच्या आत निघाल्या. मी तो प्रोग्राम काढून टाकला, केबल लावली, पडद्यावर आकडा आला. अप्पांच्या मुलानं हातची वही मिटली.

रात्री घरी आलो तरी ते मनातून जाईना. माझ्या मावसभावाचा मुलगा जन्मापासून दृष्टिहीन आहे. बारावीला आहे, संगणकाचं बोलणं ऐकून अभ्यास करतो आणि ब्रेल पट्टी कधी तरी घ्यायची म्हणून घरचे पैसे साठवतात. मी जो प्रोग्राम अडथळा म्हणून मुळासकट उपटला, तो त्याच्यासारख्या मुलाचा संगणकातला दरवाजा आहे. उबुंटूवाल्यांनी तो सगळ्यांच्या संगणकात आधीपासून घालून ठेवला तो याचसाठी, की दृष्टिहीन माणसाला कुणा डोळसाची मदत न घेता संगणक सुरू करता यावा. दोन दिवसांनी मी अप्पांकडे परत गेलो. प्रोग्राम पुन्हा घातला आणि नियमांच्या फाइलीत फक्त त्या एका आकड्याची ओळ बंद केली. काटा चालतो, ब्रेलचा प्रोग्रामही जागेवर आहे. अप्पांच्या काट्यावर दृष्टिहीन माणूस संगणकावर बसेल की नाही, हा प्रश्न वेगळा. दुसऱ्याच्या घराचा दरवाजा बंद करून आपलं घर उघडायचं नाही, एवढंच मला वाटलं.

लिनक्ससारख्या मुक्तस्रोत, म्हणजे आतला मजकूर सगळ्यांना खुला असलेल्या, प्रणालीत यूएसबीचा आधार सुधारायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे त्या दिवशी मला कळलं. लोक समजतात की तिकडे मोठे इंजिनिअर बसलेत, ते करतील. इंजिनिअर आहेतच आणि ते मागेही नाहीत. यूएसबी ३.० आलं तेव्हा त्याला आधार देणारी पहिली प्रणाली लिनक्स होती, सप्टेंबर २००९ मध्ये, २.६.३१ या आवृत्तीत. पण त्यांच्या टेबलावर आपला काटा नाही. जळगावच्या बाजारात मिळणारी निळी केबल नाही, इथल्या इंडिकेटरची जात नाही, आडतीवर वापरतात तो पावतीचा प्रिंटर नाही. जे यंत्र त्यांनी कधी पाहिलंच नाही ते त्यांच्या हातून कसं सुधारावं? यंत्र आपल्याकडे आहे. मग नोंदही आपल्याकडूनच गेली पाहिजे.

पीएल२३०३ नावाची दुसरी एक चिप काट्याच्या जुन्या केबलींत खूप येते. तिचा लिनक्समधला ड्रायव्हर, म्हणजे यंत्राशी बोलणारा छोटा प्रोग्राम, ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी लिहिला, जे पुढे लिनक्सच्या यूएसबी विभागाचे प्रमुख झाले. लिनक्सचा सगळा मजकूर उघडा असतो, कुणीही वाचावा, म्हणून मी ती फाइल उघडून पाहिली. कळलं फार थोडं. पण अगदी वर लिहिलं आहे की २.२ या जुन्या आवृत्तीसाठीचा मूळ ड्रायव्हर अनामिक व्यक्तीचा. नावसुद्धा नाही. माझ्या वडिलांनी दुरुस्त केलेल्या कित्येक तराजूंवर त्यांचं नाव नव्हतं, फक्त खात्याचा शिक्का होता आणि तोल बरोबर होता. ती ओळ वाचून मला वडिलांची आठवण आली.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. लिनक्सला यंत्र ओळखता येत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी निम्म्यांचा दोष लिनक्सचा नसतो. शिरपूरच्या बाजूला एका जिनिंगवर केबल दिवसातून पाच-सहा वेळा तुटायची. पुन्हा आपोआप जोडली जायची, पण तेवढ्यात एखादी गाडी शून्य वजनाची नोंदली जायची. तिथं आधी विंडोज होतं, तेव्हाही तेच व्हायचं. फरक एवढाच, की तेव्हा फक्त टुंग असा आवाज यायचा. लिनक्सच्या वहीत मात्र कारण लिहिलेलं सापडलं. पोर्ट हबनं, म्हणजे यूएसबीचे पोर्ट सांभाळणाऱ्या भागानं, बंद केला, पुन्हा चालू करतो आहे, आणि मधे कंसात ईएमआय हा शब्द, त्यापुढे प्रश्नचिन्ह. ईएमआय म्हणजे हप्ता नव्हे, विजेच्या लहरींचा अडथळा. कर्नल आपली शंका प्रश्नचिन्हासह लिहून ठेवतो हे मला फार आवडलं. चांगला कारागीरही असंच म्हणतो, बहुतेक हे असावं, बघून घ्या.

मी बघितलं. वेळा लिहून काढल्या. जिनिंगची मोठी मोटर सुरू व्हायच्या वेळा आणि केबल तुटायच्या वेळा एकच निघाल्या. मग अर्थिंगचा खड्डा उघडला. एप्रिल महिना, बाहेर त्रेचाळीस डिग्री, खड्ड्यातली माती भाकरीच्या पिठासारखी कोरडी. कोळसा आणि मीठ कधी काळी भरलेलं, पाणी महिनोन्‌महिने कुणी ओतलेलं नाही. चार कळश्या पाणी ओतलं, पट्टीचा गंजलेला बोल्ट बदलला, इंडिकेटरची तार मोटरच्या केबलपासून चार फूट लांबून नेली. तुटणं थांबलं. खान्देशातल्या प्रत्येक काटेवाल्याला माझं सांगणं आहे की उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा अर्थिंगला पाणी घाला, मग प्रणाली कोणतीही असो.

सगळीच यंत्रं त्रास देत नाहीत, हेही सांगतो. बारकोडचं यंत्र लावलं की लगेच चालतं, कारण ते स्वतःला कीबोर्ड म्हणवतं आणि कीबोर्डची भाषा यूएसबीच्या नियमांत ठरलेली आहे. गाडीचा फोटो काढायचा वेबकॅम, पेनड्राइव्ह, तेही तसंच. कॅमेऱ्यानं कसं बोलायचं, साठवणीच्या यंत्रानं कसं बोलायचं, हे ठरलेलं आहे. जो कारखानदार तो नियम पाळतो त्याच्या यंत्राला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, कुठल्याच प्रणालीत. नवे प्रिंटरही आता ठरलेल्या भाषेत बोलू लागले आहेत. अडचण येते ती आपली भाषा गुप्त ठेवणाऱ्यांची. माझ्या दुकानात एक लेझर प्रिंटर आहे, छपाई सुंदर, पण कंपनीनं त्याची बोली कुणाला सांगितलेली नाही. लिनक्ससाठी दिलेला जुना ड्रायव्हर नव्या आवृत्तीवर बसत नाही आणि त्याचा मजकूर बंद असल्यामुळे दुसऱ्या कुणाला दुरुस्तही करता येत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीमागची एक गोष्ट प्रिंटरचीच आहे. रिचर्ड स्टॉलमन अमेरिकेत एमआयटीच्या प्रयोगशाळेत काम करत होते. तिथं आलेल्या नव्या लेझर प्रिंटरमध्ये कागद अडकला की काम करणाऱ्यांना कळावं एवढी सोय त्यांना हवी होती. त्यासाठी त्यांनी प्रिंटरच्या प्रोग्रामचा मजकूर मागितला आणि तो नाकारला गेला. पुढे १९८३ साली त्यांनी जीएनयू हा मुक्त प्रणाली घडवण्याचा प्रकल्प जाहीर केला. चाळीस वर्षांहून जास्त काळ झाला, आणि चोपड्यात माझ्या टेबलावर तोच प्रश्न बसलेला आहे.

आता अंगठ्याच्या यंत्राबद्दल. माझी पत्नी ऑनलाइन सेवा केंद्र चालवते. केळीचा पीकविमा, कापसाची नोंदणी, पेन्शनवाल्यांचे दाखले, सगळ्याला अंगठा लागतो. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच खान्देशात, शहादा तालुक्यातल्या टेंभली गावी दिला गेला. तिथून सुरू झालेली गोष्ट आज प्रत्येक गावच्या टेबलावर एका छोट्या लाल दिव्याच्या यंत्रापर्यंत आली आहे. पण तिच्याकडच्या यंत्रासोबत कंपनीनं जी सेवा दिली ती विंडोज आणि अँड्रॉइडपुरतीच आहे. केंद्रातला जुना संगणक विंडोज ११ घेत नाही, लिनक्सवर तो पळतो, पण अंगठा लिनक्सवर लागत नाही. म्हणून एका यंत्रासाठी नवा संगणक घ्यावा लागला, तोही हप्त्यानं.

इथं कुणी हौशी प्रोग्रामर ड्रायव्हर लिहून देऊ शकत नाही, हे समजून घेतलं पाहिजे. ठशाची माहिती यंत्राच्या आतच सांकेतिक होऊन, त्यावर यंत्राची सही होऊन बाहेर पडते. ते योग्यच आहे, नाही तर गोरगरिबांचे ठसे कुणीही पळवेल. पण त्याचाच अर्थ असा, की ही सेवा फक्त बनवणाराच लिनक्ससाठी देऊ शकतो. आणि विकत घेणारा जोवर मागत नाही, तोवर तो देणार नाही.

मागायचा अधिकार ज्यांच्याकडे आहे त्यांनाच मी हे पत्र लिहितो आहे. सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला पसंती द्यावी असं केंद्र सरकारचं २०१५ सालचं धोरण आहे. सीडॅक या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेनं बॉस ही भारतीय लिनक्स २००७ पासून आणली आहे. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवर शिकताहेत. मग आमच्या तिन्ही जिल्ह्यांत ग्रामपंचायत असो, जिल्हा परिषदेची शाळा असो, बाजार समिती असो, प्रिंटर, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र घेताना निविदेत एक अट का येत नाही? ‘यंत्र लिनक्सवर चालवून दाखवावे.’ एवढीच अट. नुसता कागदावरचा होकार नको, जोडून, चालवून दाखवा. माझ्या धंद्यात काट्याच्या मॉडेलला आधी सरकारी मान्यता लागते, मग दरवर्षी वजनं ठेवून काटा पास करून दाखवावा लागतो. काटा बरोबर आहे असं विकणाऱ्यानं तोंडानं सांगितलेलं चालत नाही. त्या शिस्तीमुळेच शेतकरी काट्यावर विश्वास ठेवतो.

आणि इंडिकेटर बनवणाऱ्यांनाही सांगणं आहे. बॉड किती, आकडा कोणत्या क्रमानं येतो, स्थिर वजनाची खूण कोणती, हे अर्धं पान पुस्तिकेत छापा. काही जण छापतात, त्यांचा काटा मी अर्ध्या तासात जोडतो. जे छापत नाहीत त्यांच्या काट्यावर मी वजनं ठेवून, आकडे बदलून बदलून, एकेक अक्षर ओळखत बसतो.

कॉलेजांकडून माझी अपेक्षा सगळ्यात जास्त आहे. जळगावला विद्यापीठ आहे. फैजपूर, शिरपूर, चोपडा, धुळे, सगळीकडे इंजिनिअरिंग किंवा पॉलिटेक्निक आहे. शेवटच्या वर्षाला मुलं प्रकल्प करतात, त्यातले कित्येक विकत आणलेले असतात आणि जूनमध्ये कपाटात जातात. त्याऐवजी दोन मुलांनी मिळून एक यंत्र घ्यावं. बाजारातलं, आपल्या आडतीवर किंवा दवाखान्यात वापरतात ते, आणि लिनक्सवर नीट न चालणारं. त्याचे आकडे काढावेत, वहीतल्या ओळी काढाव्यात. यूएसबीच्या तारेवरून काय काय जातं ते टिपायची सोय लिनक्समध्येच आहे, तिला यूएसबीमॉन म्हणतात. ते टिपून, समजून, जमलं तर दुरुस्ती लिहून पाठवावी. नाही जमलं तर नुसती नोंद पाठवावी. ती नोंद कपाटात जाणार नाही.

हे कागदावरचं बोलणं नाही. माझा भाचा तिसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो दुकानात बसला होता, तेव्हा एक नवीन जातीचा इंडिकेटर दुरुस्तीला आला. त्याला यूएसबी थेट होतं, केबलची गरज नाही. लिनक्सला जोडला तर वहीत फक्त नवीन यंत्र आलं अशी नोंद. पोर्ट नाही. भाच्यानं विचारलं, ‘मामा, उघडू का?’ मी सील बघितलं. ते आधीच काढलेलं होतं, दुरुस्तीनंतर काटा पुन्हा पास करायचाच होता. म्हटलं, उघड. आत एका कोपऱ्यात तीच ओळखीची चिप, जिचा ड्रायव्हर लिनक्समध्ये कधीचा आहे. कारखानदारानं चिपला स्वतःचा आकडा दिला होता आणि लिनक्सच्या यादीत तो आकडा नव्हता. या वेळी दोघांचं आडनाव एक नव्हतं. एकाच माणसानं नाव बदललं होतं, एवढंच.

ड्रायव्हरला चालू असतानाच नवा आकडा सांगायची सोय आहे. भाच्यानं एका ओळीत तो सांगितला आणि पोर्ट उघडला. मी ताटलीवर वीस किलोचं पितळी वजन ठेवलं. पडद्यावर २०.०० आलं. उचललं, ०.०० आलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा २०.००. भाचा ते वजन उगाचच पाच-सहा वेळा ठेवत-उचलत राहिला आणि मीही त्याला थांबवलं नाही.

त्यानं मग ती एक ओळ ड्रायव्हरच्या यादीत कायमची घालण्यासाठी पॅच, म्हणजे मजकुरातला नेमका बदल, तयार करून लिनक्सवाल्यांकडे पाठवला. आठवड्यात उत्तर आलं. यंत्राचा पूर्ण परिचय जोडा, ओळीआधी रिकाम्या जागांऐवजी टॅब वापरा, आणि खाली स्वतःच्या नावानं सही करा. नाकारलं नाही, रागावलं नाही, कोण कुठला असं विचारलं नाही. वैधमापनचे जुने निरीक्षक वडिलांचं काम तपासायचे तेव्हा असंच बोलायचे.

तेव्हापासून मी प्रत्येक केबलीवर कागदाची पट्टी चिकटवतो. दोन आकडे, तारीख, कोणत्या आवृत्तीवर चालली, कोणत्या काट्यावर. दुकानात एक दोनशे पानी वही केली आहे. तालुक्यातल्या कुणाकडे लिनक्सवर न चालणारं यूएसबी यंत्र असेल तर बसस्थानकामागच्या माझ्या दुकानात घेऊन यावं. आकडे आणि वहीतल्या ओळी मी उतरवून घेईन, त्याचे पैसे नाहीत. यंत्र चालेलच असा शब्द देत नाही. नोंद जाईल.

भाच्याची परीक्षा या महिन्याच्या शेवटी संपते. त्यानंतर तो पॅच पुन्हा पाठवणार आहे. टॅबची चूक त्यानं दुरुस्त केली आहे, यंत्राचा परिचय मी काल रात्री काढून ठेवला.

कळावे,
आपला वाचक,
एक वजनकाटा दुरुस्तीकार, चोपडा, जि. जळगाव